हेरोदच्या ठशातलं बाळ

सांगते ते खरं आहे. मनाचं एक अक्षर घातलेलं नाही.

पटत नसेल तर आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. फक्त त्या घरात जाऊन विचारू नका. तिथे सध्या मोठ्याने बोललेलं चालत नाही.

मी वाल्बुर्गा. सगळे बुर्गा म्हणतात. न्यूरेंबर्गात, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत राहते. नवरा तापाने गेला, मूलबाळ नाही, छापलेल्या चित्रांत रंग भरून पोट भरते. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी सवडच नव्हती. असल्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मी तोंडावर वेड्यात काढायचे.

आता काढत नाही.

नाताळच्या आधीचे दिवस होते. नदी काठाकाठाने गोठलेली. दुपार कलली की घराघरांत दिवे लागायचे.

माझा धाकटा भाऊ एंड्रेस लाकडाचे ठसे कोरतो. चित्रकार नासपतीच्या फळीवर चित्र काढून देतो, आणि हा त्यातली रेघ तेवढी ठेवून बाकीचं लाकूड सुरीने काढून टाकतो. उरलेल्या रेघेला शाई लावायची, वर कागद दाबायचा, झालं चित्र. "रेघ कोरायची नसते बुर्गा, वाचवायची असते," असं तो मला लहानपणापासून ऐकवत आलाय. डोकं खातो अगदी.

त्या हिवाळ्यात लीनहार्ट मालकांनी त्याला मोठं काम दिलं. मालकांचा छापखाना पुलापलीकडे. चित्र होतं हेरोद राजाचं. बेथलेहेममधली सगळी तान्ही मुलं त्याने मारायला लावली, ते. नाताळ झाला की त्या बाळांचा सण येतो. त्या दिवशी गल्लीतली कार्टी हिरव्या फांद्या घेऊन मोठ्यांच्या पायांवर फटके मारत फिरतात आणि मधाचे केक वसूल करतात. चर्चच्या दाराशी अशी चित्रं हातोहात खपतात.

चित्र भयंकर होतं. तलवारी, घोडे, केस सुटलेल्या बायका. आणि पुढच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेली एक आई. तिने बाळ छातीशी घट्ट धरलेलं. त्या बाळाचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. पण बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जायची.

आता घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एंड्रेसची बायको ओटिली. तिला आदल्या वर्षी मुलगी झाली होती. संध्याकाळी जन्मली आणि उजाडायच्या आत गेली. सुईणीनेच घाईघाईत पाणी शिंपडून नाव ठेवलं, उर्सेल. मी तिथेच होते. ती पोर तोंड उघडायची, चेहरा लाल व्हायचा...

आवाज नाही.

एकदाही रडली नाही ती. ओटिली पुढे कितीदा तरी मला म्हणायची, "बुर्गाताई, एकदा जरी रडली असती ना, तरी चाललं असतं. मला तिचा आवाजच माहीत नाही."

मग कास्पर झाला. त्याने दोघांचं मिळून रडून घेतलं म्हणा ना. गल्ली डोक्यावर घ्यायचा. रडता रडता मध्येच एक उचकी, की पुन्हा सुरू. समोरचा कातडीवाला म्हणायचा, "याला बुरुजावर नेऊन बसवा. शत्रू आला तर तुतारी नको फुंकायला." ओटिली हसायची. त्या रडण्यावर जीव होता तिचा. मध्यरात्री उठवलं तरी कधी कुरकुरली नाही.

उर्सेलचा पाळणा माळ्यावर होता. वडिलांनी आमच्या लहानपणी नासपतीच्या लाकडाचा केलेला. ओटिलीने कास्परला त्यात एकदाही ठेवलं नाही. माहेरहून दुसरा आणवला आणि जुन्याला कुणाला हात लावू दिला नाही. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

तर ठसा जवळजवळ पुरा झाला होता. एंड्रेस त्या कोपऱ्यातल्या बाळाचा चेहरा कोरत होता आणि कास्परने अशी काही किंकाळी फोडली की याचा हात उडाला. सुरी सरळ चेहऱ्यातून आरपार गेली. नाक, डोळा, काही उरलं नाही.

"अरे गप बस की एकदाचा," एंड्रेस ओरडला. पोराला काय कळतंय.

चुकलेला ठसा टाकून देत नाहीत. चुकलेल्या जागी भोक पाडायचं, त्यात दुसऱ्या लाकडाची खुंटी ठोकून बसवायची आणि तिच्यावर पुन्हा कोरायचं. फक्त खुंटीचं लाकूड ठशाहून जुनं आणि खडखडीत वाळलेलं हवं. नाहीतर ती आकसते आणि छापताना निसटते. एंड्रेसकडचं जुनं लाकूड तर संपलेलं. चित्रकार ऑग्सबर्गला निघून गेलेला. मी म्हटलं, आता मालक याची सालटी काढणार.

दुसऱ्या दिवशी गेले तर खुंटी बसलेली. वर नवा चेहराही कोरून तयार. पहिला कागद त्याने घरीच हाताने दाबून काढला.

"छान झालंय रे बाळ," मी म्हटलं. "कुणासारखं तरी दिसतंय."

"बाळं सगळी सारखीच दिसतात," तो म्हणाला. मान वर केली नाही त्याने.

बाळ चित्रातून सरळ आपल्याकडे बघत होतं. तोंड मिटलेलं. नीट ध्यानात ठेवा, तोंड मिटलेलं होतं. कारण त्याच कागदावरून मी माझा रंगाचा साचा कापला. साचा म्हणजे तेल पाजलेला जाड कागद. जिथे रंग हवा तिथे भोक. चित्रावर ठेवायचा आणि ब्रश फिरवायचा. हेरोदच्या झग्याला भोक, शिपायांच्या विजारींना भोक, बाळाच्या चेहऱ्याला एक छोटंसं भोक.

सोमवारी छपाई सुरू झाली.

मी दुपारी पोचले तेव्हा कोन्त्स वैतागला होता. कोन्त्स म्हणजे दाबयंत्राचा दांडा ओढणारा गडी. रेड्यासारखा दांडगा.

"यंत्राचं मळसूत्र रडतंय सकाळपासून," तो म्हणाला. "चरबी दिली, तेल दिलं. रडतंच आहे."

"तुझ्यासारखा माणूस दिवसभर लोंबकळला तर कुणीही रडेल," मी म्हटलं.

सगळे हसले. मीही हसले.

घरी जाताना एंड्रेसकडे डोकावले. घर शांत होतं. ओटिली सूप ढवळत होती, खुशीत होती. "आज शहाण्यासारखा आहे हो. सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

मी पाळण्यात वाकून पाहिलं.

कास्पर रडत होता.

चेहरा लालबुंद. मुठी आवळलेल्या. तोंड उघडलेलं, टाळू दिसत होती...

आवाज नाही.

ओटिलीने पाहिलं आणि तिच्या हातातला डाव खाली पडला. दोघींना एकच आठवलं होतं.

सुईण आली. बडीशेपेचं पाणी दिलं, हिरड्यांना मध लावला, घसा बसलाय म्हणाली आणि गेली. पण दुसऱ्या दिवशी पोराने दूध घेणंही कमी केलं. तोंडात घ्यायचा आणि विसरल्यासारखा पडून राहायचा. ओटिली रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. "रड ना रे राजा," म्हणत होती. "माझ्यासाठी रड."



बुधवारी मी रंगवायला बसले. कागद दोऱ्यांवर वाळत टाकलेले, छपाईच्या क्रमानेच. मी शेवटच्या दोरीवरून एक घेतला, साचा ठेवला, गालांचा गुलाबी रंग फिरवला, साचा उचलला.

रंग चेहऱ्यावर नव्हताच. बाजूला, आईच्या बाहीवर लागला होता.

म्हटलं, सरकला असेल. दुसरा घेतला. तेच. तिसरा घेतला. तेच.

आता कागद ओला करून छापतात, वाळला की आकसतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण मग सगळंच सरकायला हवं. हेरोदचा झगा बरोबर बसत होता. विजारी बरोबर बसत होत्या. फक्त बाळ बसत नव्हतं.

मी घरून आणलेल्या पहिल्या कागदावर साचा ठेवला. चपखल बसला.

मग मी उठले आणि पहिल्या दोरीपासून एकेक कागद बघत गेले.

पहिल्या दोरीवर बाळ आपल्याकडे बघत होतं. दुसऱ्या दोरीवर मान जराशी वळलेली. तिसरीवर आणखी. आईच्या बाजूला. आणि ओठ... ओठ विलग झाले होते.

शेवटच्या दोरीवर तोंड पूर्ण उघडं होतं.

लाकूड झिजतं. रेघ तुटते, जाड होते. पण लाकूड मान वळवत नाही हो. तोंड उघडत नाही.

माझ्या पाठीमागे कोन्त्सने दांडा ओढला.

आणि मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मळसूत्र नव्हतं ते. तान्हं मूल होतं. अगदी बारीक, दाबल्यासारखं, पण मूलच. कोन्त्सने दांडा सोडला, आवाज थांबला. पुन्हा ओढला...

मध्येच एक उचकी आली. आणि पुन्हा सुरू.

कास्पर होता तो. त्याचं रडणं मी भिंतीपलीकडून ओळखते.

मी अंगावर शालही घेतली नाही. बर्फातून तशीच घसरत, धडपडत एंड्रेसच्या घरी आले. तो खाली कामावर बसलेला.

"खुंटीचं लाकूड कुठून आणलंस?"

"होतं घरात."

"एंड्रेस, घरात कुठे?"

त्याने सुरी खाली ठेवली. हात पुसले.

"माळ्यावरून," तो म्हणाला. "डोक्याकडच्या पट्टीचा तुकडा घेतला. एवढासा तर होता. मागच्या बाजूने कापला, कुणाला दिसलाही नसता. एवढं वाळलेलं लाकूड सगळ्या शहरात मिळालं नसतं ग."

"कापताना पाळणा हलला?"

"करवतीने हलणारच. मी हाताने धरून ठेवला होता." त्याचा आवाज बारीक झाला. "बुर्गा, मी खाली येऊन बसलो... तरी वर तो डुलत होता. किती वेळ आवाज येत होता."

"आणि चेहरा? चेहरा कुणाचा कोरलास?"

"मुद्दाम नाही ग. हात आपोआप गेला."

मागे वळले तर दारात ओटिली उभी. कास्पर खांद्याशी. सगळं ऐकलं होतं तिने. वाटलं, आता आकांत करेल. एंड्रेसचं थोबाड फोडेल, आणि फोडायलाच हवं होतं. पण तिने पोराला शालीत गुंडाळलं आणि सरळ बाहेर पडली. आम्ही दोघं मागे धावलो.

छापखान्यात लीनहार्ट मालक आडवे आले. "काय चाललंय? सण तोंडावर आलाय, अर्धे कागद व्हायचेत."

"छपाई थांबवा," मी म्हटलं.

"बाई, तू रंग भर. छपाईचं मी बघतो."

तेवढ्यात कोन्त्सने दांडा ओढला.

ओटिली जागच्या जागी थांबली.

आवाज सगळ्यांनी ऐकला. मालकांनीसुद्धा. पण आम्ही ऐकत होतो ते वेगळं आणि ती ऐकत होती ते वेगळं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"उर्सेल रडतेय," ती म्हणाली.

"ओटिली, तो आवाज कास्परचा आहे. ती त्याचा..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण रडतेय ती." आणि कोन्त्सकडे वळून म्हणाली, "आणखी एकदा, दादा. एकदाच."

कोन्त्सने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नको म्हटलं. पण त्या बाईचा चेहरा बघून नाही म्हणणारा माणूस जन्मायचाय. त्याने दांडा ओढला.

या वेळी आवाज मोठा होता. लांबलचक. खोलीभर पसरला. दोऱ्यांवरचे कागद हलायला लागले, खिडक्या तर बंद होत्या. ओटिली हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती. तिला इतकं सुखात मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिच्या खांद्यावर कास्परची मूठ सैल झाली. बोटं उघडली.

ओठ निळे पडले होते.

"ओटिली," मी म्हटलं, "पोराकडे बघ. हातातल्या पोराकडे बघ."

तिने पाहिलं.

त्या क्षणी तिच्या मनात काय झालं ते देव जाणे. तिने कास्परला माझ्या हातात दिलं. काही वजनच नव्हतं त्याला. मग ती यंत्रापाशी गेली, कागद उचलला आणि शाईने बरबटलेल्या ठशावर बोट ठेवलं. त्या चेहऱ्यावर.

"बास बाळा," ती म्हणाली. जेवताना पोरांना दटावतात तसं, हळू पण ठाम. "पुरे आता. भाऊ आहे तो तुझा. असं ओरबाडून घ्यायचं नसतं. दे त्याचं त्याला."

"खुंटी अशी निघायची नाही," एंड्रेस कसाबसा म्हणाला. "मागून ठोकावी लागेल."

ओटिलीने नखाने नुसती उचलली. पडायला आलेला दुधाचा दात निघावा तशी ती निघाली.

माझ्या हातात कास्परने श्वास घेतला.

आणि रडला.

काय रडला म्हणून सांगू. कोन्त्स मटकन खाली बसला. मालकांनी छातीवर क्रूस काढला. एंड्रेस भिंतीला डोकं टेकून हुंदके देत होता. आणि मी, जन्मात कुणासमोर न रडलेली बाई, त्या पोराच्या बरोबरीने भोकाड पसरून रडले. ओटिली तेवढी शांत होती. मूठ मिटून उभी होती.

ती खुंटी तिने काय केली, कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, उर्सेलजवळ मातीत पुरली असेल.

मालक मात्र मालकच. उरलेले कागद त्यांनी भोकासकट छापले. आईच्या कुशीत नुसती पांढरी जागा. सणाला लोक ते चित्र हातात घेऊन रडत होते. पहिल्या कागदांपेक्षा जास्त खपलं ते. मी त्याला रंग लावायला नकार दिला.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीही नसती.

कास्पर वाढला. धट्टाकट्टा झाला. बोलायला लागला तो असा, की कान किटावेत. मला "बुगा" म्हणतो. बदकांशी बोलतो, चुलीशी बोलतो. त्याला बहीण होती हे घरात कुणी, कधी उच्चारलेलं नाही. एंड्रेसने पाळणाही जाळून टाकला.

गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या दारात बसून बडबडत होता. बदकाने कसा पाव पळवला ते सांगत होता. आणि वाक्याच्या मध्येच...

आवाज गेला.

ओठ हलत होते. हातवारे चालू होते. आवाज नाही.

मी त्याला धरून हलवणार, तेवढ्यात तो पुन्हा बोलायला लागला. जिथे थांबला होता तिथूनच.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "आता तिची पाळी होती."

"कुणाची?"

माझ्यासारख्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये, असं तोंड केलं त्याने. आणि बदकामागे पळाला.

मी ओटिलीला सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, "हो. मागून घेते आता. ओरबाडत नाही."

तेव्हा मला कळलं की ती खुंटी मातीत नाही.

सुरुवातीला घोटभर पाणी प्यायला लागेल तेवढाच वेळ असायचा. मग वाढत गेला. हिवाळा लागला तसं जेवण सुरू झाल्यापासून भांडी घासून होईपर्यंत कास्पर नुसते ओठ हलवायचा. एंड्रेस उठून बाहेर जायचा. ओटिली हातातलं काम टाकून, मान तिरकी करून ऐकत बसायची. मला त्या घरात काहीही ऐकू येत नाही. शपथेवर सांगते, काहीही नाही.

परवा सकाळी कास्पर उठला तो मुकाच.

दिवसभर नाही. रात्री नाही. काल नाही. सूपही नीट घेत नाहीये, घास तोंडात धरून बसतो. माझ्याकडे बघतो आणि ओठांनी काहीतरी सांगतो. मला ते वाचता येत नाही.

आज दुपारी मी ओटिलीच्या पाया पडायचीच बाकी राहिले. "सांग ना तिला पुन्हा," म्हटलं. "तेव्हा ऐकलं होतं तिने तुझं. एकदा सांग."

ओटिलीने कास्परला मांडीवर घेतलं होतं. त्याच्या केसांतून हात फिरवत होती. चेहऱ्यावर तेच हसू.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना बुर्गाताई," ती म्हणाली. "ती आत्ता कुठे मला आई म्हणायला लागलीय."